युरिक ऍसिड, सुकट आणि बाथरूमची चावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तीन आठवडे डाळ शिजली नाही. वरण नाही, आमटी नाही, मुगाची उसळ नाही, टोमॅटोचं सारसुद्धा नाही. पालकाची जुडी चुकून पिशवीत आली तर नवरा ती शेजारच्या वहिनींना देऊन यायचा. कारण माझं युरिक ऍसिड वाढलेलं आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगला, ट्रेनच्या ग्रुपला, ऑफिसातल्या सगळ्यांना त्यावरचा एकच उपाय पाठ होता, डाळी बंद करा. मी पण केल्या. आणि त्याच तीन आठवड्यांत मला दुसऱ्यांदा गाऊटचा, म्हणजे युरिक ऍसिडमुळे सांधा एकदम सुजून ठणकायचा, अ‍ॅटॅक आला, पहिल्यापेक्षा जोरात, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

पहिल्यापासून सांगते. मी ५३ वर्षांची, राहते भांडुपला, फोर्टात एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर आहे. म्हणजे दिवसभर लोकांचे हॉस्पिटलचे कागद वाचायचे हेच माझं काम. दारू नाही, तंबाखू नाही, मटण महिन्यातून एखादवेळी. पाळी थांबून तीन वर्षं झालीत, बीपीची गोळी चालू आहे दोन वर्षं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री अडीचच्या सुमारास उजव्या पायाच्या घोट्याने जाग आली. आधी वाटलं, संध्याकाळी पुलाच्या ओल्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला असेल, गर्दीत तेव्हा कळलं नसेल. मग पायावरची चादर सरकली आणि तिचा नुसता स्पर्श झाला तर डोळ्यांतून पाणी आलं. चादर हो, साधी कॉटनची जुनी चादर. लाइट लावून बघते तर घोटा लाल, चकचकीत, कातडी ताणलेली, पिकलेल्या फोडावर असते ना तशी. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या, "वात धरलो आसा गो, बरो शेक घे." त्यांनी बिचाऱ्यांनी तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधली आणि शेकत बसल्या पहाटेपर्यंत, आणि प्रत्येक शेकागणिक ठणका वाढतच गेला. अशा दुखण्याला गरम नाही तर बर्फ लावायचा असतो, फडक्यात गुंडाळून, हे मला नंतर कळलं. सासूबाईंना अजून त्याचं वाईट वाटतं. मी त्यांना दहा वेळा सांगितलंय की तुम्ही रात्रभर जागलात तेच माझ्या लक्षात आहे.

सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. रक्त तपासलं, युरिक ऍसिड ६.३ आलं, म्हणजे थोडंसंच वर आहे, त्याने काही होत नाही, पाय मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज. नवव्या दिवशी पाय पूर्ण बरा. इतका बरा की मी परत ८.१४ ची लोकल धावत पकडायला लागले.

इथे एक गोष्ट सांगते कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते, मलाही नव्हती, आणि रोज मेडिकल कागद वाचून नव्हती. ऐन दुखण्याच्या दिवसांत रक्तातलं युरिक ऍसिड कमी दिसू शकतं, अगदी नॉर्मलही. त्यामुळे त्या दिवसाच्या आकड्यावर जायचं नाही, दुखणं थांबल्यावर दोन-चार आठवड्यांनी परत टेस्ट करायची. मी केली ती सुद्धा ठरवून नाही. ऑफिसचा ड्रॉवर आवरताना आदल्या वर्षीच्या हेल्थ चेकअप कॅम्पचा रिपोर्ट सापडला, त्यात युरिक ऍसिडसमोर ७.८ आणि शेजारी ठळक एच, म्हणजे हाय. तो कागद मी त्यावेळी शुगर आणि कोलेस्टेरॉल बघून तसाच घडी घालून ठेवला होता, वर स्टेपलरची डबी. मग जवळच्या लॅबमध्ये जाऊन आले, ८.१ निघालं, आणि घरी डाळ बंद झाली.

आता डाळ बंद केल्यावर भाताबरोबर काय खायचं? आम्ही मालवणी माणसं. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, बाजारात ताजी मासळी कमी आणि आहे ती परवडत नाही, म्हणून घरात उन्हाळ्यात भरून ठेवलेली सुकी मासळी निघते. सुकटीची चटणी, जवळ्याचं कालवण, सुक्या बोंबलाचं तिखट. आठवड्यातून तीन-चारदा तेच, भाताबरोबर, मन लावून, डाळ नाही ना म्हणून जरा जास्तच. सुकट आणि जवळा म्हणजे बारीक कोळंबीच, वाळवलेली, पाणी उडालेलं, त्यामुळे मूठभर सुकटीतही डाळीच्या वाटीपेक्षा जास्त प्युरिन असतं. प्युरिन म्हणजे ज्याचं शरीरात शेवटी युरिक ऍसिड होतं ते. म्हणजे ज्यात फारसं काही नव्हतं ते मी बंद केलं आणि ज्यात होतं ते दुप्पट खाल्लं.

दुसरा अ‍ॅटॅक गुडघ्यात आला. यावेळी भावाने हट्टाने सांध्यांच्या डॉक्टरकडे नेलं, रुमॅटॉलॉजिस्ट. अगदी तरुण मुलगी, माझ्या भाचीएवढी. तिने गुडघ्यातून सुईने पाणी काढलं, पिवळसर, गढूळ, एवढंसंच, आणि मी विचारलं म्हणून मला मायक्रोस्कोपमधून बघायला दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला असेन शाळेनंतर. काळपट गुलाबी पडद्यावर सुया. खरोखरच्या सुया, दोन्ही टोकांना टोकदार, काही पिवळ्या, काही निळ्या. तिने स्लाइड थोडी फिरवली तर ज्या पिवळ्या होत्या त्या निळ्या झाल्या. ती म्हणाली, काकू, हे युरिक ऍसिडचे स्फटिक, या दिशेला पिवळ्या आणि आडव्या केल्या की निळ्या, हीच यांची ओळख, १९६१ पासून गाऊट असाच पक्का करतात. मी बराच वेळ डोळा काढलाच नाही. रात्रभर जे ठणकत होतं ते असं दिसतं हे बघून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण निदान आपण उगाच कण्हत नव्हतो हे तरी कळलं.

तिने मग समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. साखरेचा पाक करतो ना आपण, गरम असताना सगळी साखर विरघळलेली, थंड झाला की कडेला दाणे धरायला लागतात. रक्तात युरिक ऍसिडची विरघळण्याची हद्द साधारण शंभर मिलिलिटरला ६.८ मिलिग्रॅम आहे, त्याच्यावर वर्षानुवर्षं राहिलं की कुठेतरी दाणा धरतो, आणि पाय हा शरीराचा थंड भाग, म्हणून बरेचदा सुरुवात तिथून, बहुतेकांना अंगठ्याच्या बुंध्यात. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ऍसिड फोडणारं एक एन्झाइम असतं, माणसाकडे ते उरलेलं नाही, एक-दोन कोटी वर्षांपूर्वीच गेलं. म्हणून आपल्याला ते बाहेरच टाकावं लागतं, दोन तृतीयांश किडनीतून आणि बाकीचं आतड्यातून. आणि ज्यांचं वाढतं त्यातल्या बहुतेकांचं खाण्यामुळे कमी, किडनी नीट बाहेर टाकत नाही म्हणून जास्त वाढतं. शरीरातलं बरंचसं प्युरिन तर आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, जेवणातून येतं ते साधारण एक तृतीयांश. हे ऐकून मी पहिला प्रश्न विचारला, मग डाळ?

"डाळ खा," ती म्हणाली. "पालक खा, टोमॅटो खा, मशरूम खा."

तिने सांगितलं त्यावरून मी नंतर शोधून वाचलं. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, ४७ हजारांवर पुरुष, १२ वर्षं त्यांच्या जेवणाची नोंद, त्यातल्या ७३० जणांना गाऊट झाला. मटण-बीफसारखं मांस आणि समुद्राची मासळी जास्त खाणाऱ्यांना धोका जास्त, फॅट काढलेलं दूध-दही घेणाऱ्यांना कमी, आणि प्युरिन असलेल्या भाज्या, कडधान्यं खाणाऱ्यांना धोका वाढलेलाच नाही. सगळे पुरुष होते त्यात, हे खरं. पण आमच्याकडे घराघरात डाळ बंद होते त्याला काहीतरी आधार असेल असं मला वाटत होतं, तो सापडला नाही. शाकाहारी घरात डाळ बंद केली तर प्रोटीन उरतं कुठे, आणि वयस्कर माणसांचं तर किती नुकसान होत असेल, मला हा विचार करून खरंच राग येतो.

मग तिने माझ्या पर्समधल्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर काढायला लावल्या. बीपीच्या गोळीच्या पट्टीवर मागे बारीक अक्षरात दोन नावं, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. दुसऱ्या नावावर तिने पेनाने रेघ मारली. ही लघवी वाढवणारी गोळी, पाणी आणि मीठ बाहेर काढते पण युरिक ऍसिड आत धरून ठेवते. दोन वर्षं ती पट्टी रोज सकाळी माझ्या हातात होती. गोळी वाईट नाही, बीपीला चांगली आहे, लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही, माझ्या बाबतीत मात्र ती बदलायची ठरली आणि लोसार्टन आली, जी बीपीही सांभाळते आणि युरिक ऍसिडही थोडं खाली आणते. हे वाचून कोणी आपली बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, प्लीज, पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा एवढंच म्हणते. हृदयासाठी छोटी ऍस्पिरिन असते तिनेही थोडं वाढतं. आणि टीबीच्या औषधांत पहिले दोन महिने पायराझिनामाइड असतं, त्याने तर बऱ्याच जणांचं वाढतं. माझ्या भाचीला टीबी झाला होता तेव्हा तिचे सांधे का दुखायचे ते मला आत्ता कळलं. तीही औषधं सोडायची नसतात, डॉक्टरला सांगायचं असतं.

आणखी एक. मला सगळे म्हणायचे, हा तर पिणाऱ्या पुरुषांचा आजार, तुला कसा? हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याने दोन हजारांवर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की पाळी थांबेपर्यंत बाईला गाऊट होत नाही. इतकं जुनं निरीक्षण. इस्ट्रोजेन किडनीला युरिक ऍसिड बाहेर टाकायला मदत करतं, ते गेलं की आपला आकडा हळूहळू पुरुषांच्या आकड्याकडे सरकतो. म्हणजे पन्नाशीनंतरची बाई, बीपी, थोडं वजन, लघवीची गोळी, असं सगळं एकत्र येतं. आणि बायकांना पहिला अ‍ॅटॅक अंगठ्यातच येईल असं नाही, घोट्यात, गुडघ्यात, बोटांच्या पेरांतही येतो, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

तिचा पुढचा प्रश्न, "काकू, दिवसाला पाणी किती पिता?"

मी खोटं बोलले आधी, सात-आठ ग्लास म्हणाले. ती नुसती बघत राहिली. मग खरं सांगितलं. सकाळी चहा, डब्याबरोबर एक ग्लास, चारला परत चहा, आणि चारनंतर पाण्याला तोंड लावायचं नाही कारण सहाला निघाले की घरी पोचेपर्यंत सव्वासात, ट्रेनमध्ये पाऊण-एक तास उभं, आणि मध्ये कुठे जाणार? हे मी एकटी करत नाही. आमच्या लेडीज डब्यातली जवळजवळ प्रत्येक बाई करते. वीस-वीस, तीस-तीस वर्षं करते. स्टेशनवरच्या बाथरूमची अवस्था सांगायला नको, कडी नाही, पाणी नाही, नाहीतर सरळ कुलूप. मुंबईत २०११ पासून राइट टू पी म्हणून बायकांची चळवळ चालू आहे, बायकांसाठी फुकट, स्वच्छ, सुरक्षित मुतारी हवी एवढीच साधी मागणी, आणि मी पेपरात वाचून पान उलटलं होतं. ते माझ्या गुडघ्याबद्दल होतं असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की नुसत्या पाण्याने गाऊट बरा होत नाही, तसं असतं तर गोळ्या कशाला लागल्या असत्या. पण शरीर सुकलं की युरिक ऍसिड बाहेर पडायचं कमी होतं, अ‍ॅटॅकला निमित्त मिळतं, आणि लघवी कमी आणि दाट झाली की युरिक ऍसिडचे खडे किडनीतही होतात. आणि ऑक्टोबरच्या उन्हात मुंबईत काम करणाऱ्याचं, डिलिव्हरीवाल्याचं, बसच्या कंडक्टरचं, सिग्नलवर उभ्या हवालदाराचं किती पाणी घामावाटे जात असेल आणि ते किती पीत असतील, ही गोष्ट आता मला रस्त्याने जाताना दिसते, पूर्वी दिसत नव्हती.

आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, ३४ वर्षांचा, त्याच कॅम्पमध्ये त्याचं ८.९ निघालं होतं. त्याला काही त्रास नव्हता, आणि नुसता आकडा जास्त म्हणून लगेच औषध लागत नाही, पुष्कळांना जन्मभर काहीच होत नाही. पण तो घाबरला, वजन उतरवायचं म्हणून एकदम सोळा-सोळा तास उपाशी राहायला लागला, दोन महिन्यांत नऊ किलो कमी केले, संध्याकाळी जिममधून येताना स्टेशनबाहेर उसाचा रस किंवा बाटलीतलं ज्यूस. उपास फार ताणले, वजन झपाट्याने उतरवलं की युरिक ऍसिड उलट वर जातं हे त्याला कोणी सांगितलं नाही. आणि साखरेतलं फ्रुक्टोज, ते लिव्हरमध्ये फुटताना थेट युरिक ऍसिड तयार होतं, म्हणून कोल्ड्रिंक आणि पॅकेटमधलं ज्यूस हे बिअरच्या खालोखाल धरायला हवं. अख्खं फळ खाल्लं तर एवढं नाही. मग गटारीला मित्रांबरोबर बसला, मटण, कलेजी, बिअर. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगठा. बिअरमध्ये दारू तर आहेच, वर प्युरिनही आहे. तो मला फोनवर म्हणाला, "ताई, चपलेत पाय जात नाहीये," आणि त्या आवाजात जी भीती होती ती मी ओळखली, म्हणून त्याला पहिलं वाक्य सांगितलं, बर्फ लाव, शेकू नकोस, आणि केमिस्टकडून स्वतःच्या मनाने गोळी आणू नकोस. लोक आणतात. केमिस्टला नुसतं युरिक ऍसिड म्हटलं की तो पट्टी काढून देतो.

मला आता अ‍ॅलोप्युरिनॉल चालू आहे. युरिक ऍसिड कमी करणारी गोळी, १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, हळूहळू वाढवत, सोबत पहिले काही महिने कोल्चिसिन, कारण जुने दाणे विरघळायला लागले की सुरुवातीला उलट अ‍ॅटॅक येऊ शकतो. डॉक्टरने दोनदा बजावलं, अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी माझ्याकडे. आकडा ६ च्या खाली ठेवायचा, आता ५.६ आहे. ही गोळी ज्यांच्या कामातून आली त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं, आणि शोध चालला होता तो कॅन्सरच्या एका औषधाचा परिणाम टिकवण्याचा, गाऊटसाठी ती नंतर कामाला आली. रोज सकाळी पाण्याबरोबर घेताना मला त्या एलियनबाईंची आठवण येते. पूर्ण ग्लास पाणी.

डाळ परत शिजते. मासळी बंद नाही केली, बांगडा पंधरा दिवसांतून एकदा, सुकट चवीपुरती, सासूबाई आता चटणीत कांदा-खोबरंच जास्त घालतात आणि ती मला आवडायलाही लागलीय. दह्याची वाटी रोज. चार किलो वजन उतरलं, सात महिन्यांत, घाई केली नाही.

राहिली चावी. आमच्या मजल्यावरच्या लेडीज बाथरूमला कुलूप असतं आणि चावी इतकी वर्षं ऍडमिनच्या केबिनमध्ये असायची, आत तीन-चार पुरुष बसलेले, त्यांच्यासमोर जाऊन मागायची, परत द्यायलाही जायचं. कोणी कधी वाकडं बोललं नाही, पण चोवीस वर्षांत मी ती दिवसातून एकदाच मागितली असेन, ती पण दुपारी. डॉक्टरकडून आल्यावर मी अर्ज लिहिला. त्यात माझा रिपोर्ट जोडला, युरिक ऍसिडसकट, आणि मजल्यावरच्या अकरा जणींच्या सह्या घेतल्या. नवीन लागलेल्या एका मुलीने सही करताना हळूच सांगितलं, तिला वर्षात तीनदा युरिन इन्फेक्शन झालंय. तिचं वय सव्वीस. अर्जाला दीड महिना लागला, मग एके दिवशी शिपाई आला आणि चावी माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला लावून गेला. लाल रिबनची चावी.

पहिले काही दिवस ती दिवसभर तिथेच लटकलेली असायची. मीच काय ती घ्यायचे. परवा साडेपाचला, निघण्याआधी, बाटली रिकामी करून उठले तर खिळ्यावर चावी नव्हती. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीची खुर्ची रिकामी, टेबलावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली. मी परत बसले आणि तिची वाट बघितली.